विमानप्रवासाची शिदोरी



शेती आणि घरसंसाराच्या या सदरात विमान कशाला, असे काहींना वाटेल. पण आता ते आपल्या शिवारापासून फार लांब राहिलेले नाही. खानापूर, आटपाडीकडची गलाई मंडळी सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत आणि सणावाराला विमानाने ये-जा करतात. विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून परदेशी गेलेल्यांत शेतकऱ्यांचीही मुले आहेत. सुनेच्या बाळंतपणाला किंवा नातवंडे सांभाळायला गावाकडच्या आईवडिलांना बोलावणे येते. तिकीट मुलगा काढतो, बॅग लेक भरते. मात्र वाटेत पोटाला काय द्यायचे, हा विचार मागे राहतो.

सांगलीहून मुंबई रात्रभराची. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचे. पुढे अमेरिकेचे विमान थेट असले तरी पंधरा-सोळा तास. साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने इतका वेळ उपाशी राहणे जसे वाईट, तसेच तडस लागेपर्यंत जेवून बसणेही वाईट.

विमानात पोटाचे काय होते?

विमान उंच उडत असताना आत हवेचा दाब राखलेला असतो, पण तो आपल्या गावाइतका नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखी स्थिती असते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे आपण त्याच्याही वर बसलेलो असतो. दाब कमी झाला की हवा फुगते. चिवड्याची हवाबंद पिशवी महाबळेश्वरला नेली की टम्म होते, तोच प्रकार पोटातील वायूचा होतो. त्यात आतली हवा फार कोरडी असते. ओठ सुकतात, घसा कोरडा पडतो, शरीरातील पाणी कमी होते. म्हणून वायू न धरणारे अन्न आणि पुरेसे पाणी, एवढे सूत्र ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी

आपल्याकडे परदेशी निघालेल्या माणसाला घरोघर जेवायला बोलावतात. आदल्या रात्री पुरणपोळी आणि कटाची आमटी ठरलेलीच. माया मोठी, परंतु पुरण आणि कट दोन्ही हरभरा डाळीचे, आणि ही डाळ वायू धरते. हे जेवण आठवडाभर आधी उरकावे. प्रवासापूर्वीचे दोन दिवस हरभरा, वाटाणा, पावटा, मटकी, राजमा, कोबी, मुळा, तळलेले आणि फार तिखट टाळावे. मुगाची खिचडी, मऊ भात, ताजे ताक, दुधी, दोडका आणि रोजच्या सवयीची भाकरी हे उत्तम. निघण्याच्या दिवशी एकादशी आली तर घरातील वडीलधाऱ्यांनी उपवासाचा आग्रह धरू नये, विशेषतः मधुमेही माणसासाठी.

विमान कंपनीकडे विशेष जेवणाची मागणी साधारणपणे निघण्याच्या किमान चोवीस तास आधी नोंदवावी लागते. येथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कंपन्यांच्या यादीतील ‘हिंदू मील’ शाकाहारी असेलच असे नाही. त्यात कोंबडी, बकरा, मासे किंवा अंडी असू शकतात. घरात तुळशीची माळ घातलेले कोणी असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’ असेच नोंदवावे. मधुमेहींसाठीही वेगळे जेवण मागता येते. मुलाला फोनवर हे स्पष्ट सांगावे.

विमानात बसल्यावर

आपल्या बायाबापड्या विमानातील संडासाला बिचकतात आणि तेथे जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. ही चूक महागात पडते. शरीर सुकते, डोके दुखते, बद्धकोष्ठ होते. पाणी कमी आणि पाय तासन्‌तास लोंबते राहिले, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोकाही असतो. म्हणून जागा वाटेकडेची मागून घ्यावी. संडासाच्या दाराची कडी आतून सरकवली की दिवा उजळतो, घाबरण्याचे कारण नाही. जागेपणी तास-दीड तासाला पेलाभर पाणी प्यावे आणि चार पावले चालावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सोड्याची पेये वायू वाढवतात. दारू फुकट मिळाली तरी ती शरीर आणखी सुकवते.

विमानात मिठाची आणि गोडाची चव नेहमीपेक्षा कमी लागते. जेवण अळणी वाटले म्हणून वरून मीठ घेऊ नये. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. मोठ्या सामानात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तेव्हा कोणते औषध कधी घ्यायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. जेवणाआधीचे इन्शुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. घाम सुटला, हातपाय थरथरले तर लगेच खाता यावी म्हणून खडीसाखर खिशात असावी.

बरोबर काय न्यावे, काय नेऊ नये

मुंबईपर्यंतच्या वाटेसाठी दशमी किंवा धपाटे न्यावेत. विमानासाठी कोरडे आणि थोडे न्यावे: भडंग, रव्याचा लाडू, मूठभर सांगलीचे बेदाणे. परदेशच्या प्रवासात पाणी, ताक, लोणचे, तूप असे पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात हाती नेता येत नाहीत. रिकामी बाटली न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी. सुके खोबरे देऊ नये. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोक्याच्या मालात मोडते. ओल्या कडब्याची गंजी आतून कशी तापते, हे आपणास सांगायला नको.

परसातील कढीपत्ता, आंबा, लिंबू, वांगी, बियाणे आणि रोपे मात्र अजिबात नेऊ नयेत. कढीपत्त्यावर वाढणारी एक बारीक कीड लिंबू-संत्र्यावरचा ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून अमेरिकेत तो नेता येत नाही. फळमाशी सापडल्यामुळे २०१४ साली युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली होती. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण तोवर एक हंगाम गेला. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थही आणता येत नाहीत. म्हणजे जर्मनीतील लेकासाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नयेत.

हे नियम जाचक वाटतील. पण आपल्या रानात माजलेले गाजर गवत आठवावे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि ते परदेशी धान्यातून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका बियाण्याने काय होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या खुरपत आहोत.

खाण्याचे काहीही जवळ असेल तर उतरताना भरायच्या कागदावर किंवा विचारतील तेव्हा खरे सांगावे. सांगितले तर फार तर ती वस्तू काढून घेतील. लपवले तर दंड होतो. अमेरिकेच्या विमानतळांवर वासावरून खाद्यपदार्थ शोधणारे बीगल जातीचे कुत्रे १९८४ पासून कामाला आहेत.

पोचल्यावर

सांगलीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ किंवा ऋतूप्रमाणे साडेदहा असतात. भूक आणि झोप आपल्या घड्याळावर चालत राहते. पहिल्या दिवसापासून तेथील वेळेनेच जेवावे, उन्हात थोडे फिरावे आणि दिवसा लांब झोप काढू नये. रात्री जाग येऊन भूक लागली तर कपभर दूध किंवा एखादे फळ पुरे, पोटभर जेवण नको. दोन-तीन दिवस खिचडी, दही-भात आणि भाज्या घ्याव्यात. सुनेनेही पहिल्याच दिवशी पंचपक्वान्नांचा घाट घालू नये.

परतताना हेच नियम उलट क्रमाने पाळावेत. गावी आल्यावर भाऊबंदांनी मटणाचा बेत चार दिवसांनी ठेवावा, म्हणजे पाहुण्याला तो गोडही लागेल आणि पचेलही.