वितळतार

मंडळी, फ्यूजला मराठी पाठ्यपुस्तकात 'वितळतार' म्हणतात. मी मराठीचा मास्तर, मला हा शब्द फार आवडतो. काम काय ते नावातच सांगून टाकलंय. वितळायचं! पण ऐन मॅचच्या वेळी ती वितळली की आपण तिच्याच नावाने बोटं मोडतो.

पूर्वी मीटरखाली पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट असायचे. आत कल्हईच्या तांब्याची बारीक तार, दिव्यांना ५ अँपिअरची, इस्त्रीच्या प्लगला १५ची. सारखी जाते म्हणून कुणीतरी हुशार माणूस वायरीतल्या चार-पाच तारा पिळून घालायचा. फ्यूज जायचा थांबे हे खरं, पण मग तापायची ती भिंतीतली वायर! तिला बदलायला भिंत फोडावी लागते.

आता एमसीबी आले. भार थोडा जास्त असेल तर आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट झालं तर विद्युतचुंबक क्षणात पाडतो. उत्तम सोय. पण ती जुनी हुशारी काही गेली नाही. एकाच लाइनवर ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर (१३ अँपिअर), इंडक्शनची शेगडी (९) आणि वर इस्त्री. १६चा एमसीबी पडणारच. मग वायरमन ३२चा बसवून देतो, आणि आपण 'आता त्रास नाही हो' म्हणून खूश. वायर मात्र तीच, अडीच चौरस मिलिमीटरची. माझ्या मते ही पिळलेली तारच आहे, फक्त महागातली. सारखा पडत असेल तर गीझरला वेगळी लाइन घ्या. खर्च होतो, होऊ दे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोघे वाचवतात ते वायरीला. आपल्याला नाही! माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो, तेवढ्याने १६चा एमसीबी हलतसुद्धा नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही हे तो बघत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की बंद. 'आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत' असं फोनवर अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या भाचेमंडळींनी हे नीट वाचावं. घरात गीझर आहे, वॉशिंग मशीन आहे, ओल्या पायांनी फिरणारी नातवंडं आहेत.

बोर्डावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का ते आज बघा. असेल तर दाबा, सगळी लाइट गेली पाहिजे. आधी कॉम्प्युटर बंद करा म्हणजे झालं. नाही गेली तर वायरमनला बोलवा. आणि बटणच नसेल तर मला फोन करा, रागवणार नाही.