मास्तर घाटावर का जातात?



बदली म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दारावर उभे राहायचे, कुणाचा खाडा पडला तर त्याचा साचा मिळायचा, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. मास्तरांची बदली निराळी. तिच्यात माणूस निघून जातो आणि साचा रिकामा राहतो.

आमच्या वाडीच्या शाळेत दोन गुरुजी होते. एकाची आंतरजिल्हा बदली झाली, ते आपल्या मुलखात गेले. उरले ते एकटे चार वर्ग सांभाळतात, वर माहिती भरा, सभेला जा. ज्या दिवशी सभा, त्या दिवशी पोरे अंगणात.

आता रत्नागिरी आणि कोल्हापूर शेजारी, मध्ये आंबा घाट. जिल्हा परिषदेच्या मास्तराचा पगार दोन्हीकडे सरकारच्या एकाच तक्त्याने. नवा शिक्षणसेवक कुठेही लागो, तीन वर्षे मानधनावर, आणि ते २०२३ पासून १६,००० रुपये. मग घाटाखाली माणूस का टिकत नाही? कोल्हापूरकडे गाव एका जागी वसलेले, पट मोठा, चार-सहा मास्तर सोबतीला. शाहू महाराजांनी १९१७ सालीच तिथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तो वारसा आहे. आमच्याकडे वाडी इथे, शाळा त्या डोंगरावर, मध्ये पऱ्या. पावसाळ्यात तो भरला की मास्तर अलीकडे आणि पोरे पलीकडे. भाड्याने खोली मिळत नाही. पट कमी का, तर पोरांचे बाप मुंबईला. म्हणजे आम्हीच! हे कबूल करायला पाहिजे.

सिंधुदुर्ग १९८१ साली आमच्यातून वेगळा झाला, पण डोंगर तोच, पाऊस तोच, रडगाणेही तेच. तिकडे गेल्याने मास्तराचे काही सुटत नाही.

सरकारने २०१७ साली अवघड क्षेत्र म्हणून शाळा ठरवल्या. तिथे तीन वर्षे काढली की बदली मागायचा हक्क. वा रे न्याय! अवघड शाळेत राबल्याचे बक्षीस काय, तर ती शाळा सोडण्याची परवानगी. जो राहील त्याला खोली द्या, जादा भत्ता द्या, हे का नाही सुचत?

डी.एड. झालेली इथली पोरे म्हणतात, भरतीत स्थानिकांना आधी घ्या. मागणी रास्त आहे. घर इथे, म्हातारी आई इथे, तो कशाला पळेल? पण बीड-लातूरहून आलेल्या मास्तराला कुणी परका म्हणून हिणवले, तर आम्ही त्या माणसाच्या बाजूने उभे राहू. पोटासाठी गाव सोडणे काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. त्यालाही आपल्या आईबापाजवळ जावेसे वाटते, यात त्याचा गुन्हा नाही.

आमचे म्हणणे एवढेच. दुसऱ्या पाळीचा माणूस आल्याशिवाय साचा सोडायचा नाही, ही गिरणीची रीत. मास्तराला जाऊ द्या, पण त्याच्या जागी माणूस हजर झाल्यावर.

यंदा शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखी नाचवून झाली की शाळेत एक फेरी मारा. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, ते गुरुजींना विचारा, कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद युनियनच्या कचेरीत आणून द्या.