आधी जिन्याला कठडा लावा, मग अम्मीला सल्ला द्या

मुंब्रा असो की भेंडी बाजारातल्या जुन्या इमारती, लिफ्टशिवाय चार-चार मजले चढणं आपल्याला नवीन नाही. पण चौथ्या मजल्यावरची एखादी खाला खाली येईनाशी कधी झाली, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आधी बचत गटाची बैठक सुटते, मग लग्नकार्य, मग बाजार. घरातल्या तरुणांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘वय झालं, आता जिना नको.’ मला हे उत्तर काळजीपेक्षा सोयीचं जास्त वाटतं.

काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात मोजणी यंत्र बसवून केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त, आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे ‘चढते कशीतरी, उतरताना जीव जातो’ ही काही बायकांची कुरकुर नव्हे.

दुखणारी बाई जिना कशी उतरते ते एकदा नीट बघा. गुडघा वाकवायचं टाळते, पावलं हळू टाकते, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणते. आपण समजतो, पायात ताकद राहिली नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्या स्त्रियांचा जिना उतरताना अभ्यास केला. तो 2019 मध्ये छापून आला. या बदललेल्या चालीचा संबंध त्यांना ताकदीशी नाही, हालचालीच्या भीतीशी आढळला. आणि त्या स्त्रिया म्हाताऱ्या नव्हत्या, तरुण होत्या! तेव्हा हा विषय फक्त अम्मी-खालांचा आहे असं माझ्या वाचक बहिणींनी समजू नये.

आता सांगा, ‘जपून हं, पडशील’ असं रोज ऐकवून आपण काय वाढवतो? आणि भीती नुसती मनातही नसते. दुसऱ्या मजल्यानंतर कठडा तुटलेला, बल्ब गेलेला, वळणावर सायकल उभी. अशा जिन्यावर धडधाकट माणूसही भिंत धरतो.

जिना कायमचा सोडला की मांडीचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्यावेत. गोळीपेक्षा ते कंटाळवाणे आहेत, पण उपयोगी आहेत. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, एक हात कठड्यावर. चढताना कमरेतून किंचित पुढे झुकलं तर गुडघ्यावरचा थोडा भार खुब्याकडे जातो. मात्र गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

आमच्या इमारतीत दर दोन वर्षांनी रंगासाठी वर्गणी निघते. कठड्याचा विषय कधी निघाला नाही, कारण मीटिंगला पुरुष बसतात आणि ती तळमजल्यावर होते. पुढची मीटिंग चौथ्या मजल्यावर घ्या, असं मी लेखी दिलं आहे.