कोरडा रस्ता आणि टायरची पकड

पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले, की मोटार हाकणाऱ्याच्या मनावरचा ताण उतरतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरते हे पोरासोरांनाही ठाऊक असते; कोरड्या रस्त्याविषयी मात्र ‘ब्रेक दाबला की गाडी उभी’ असा भरवसा असतो. नेमक्या याच दिवसांत, ३ डिसेंबरच्या सणासाठी, बेळगावकडील कित्येक भाविक घाट उतरून जुन्या गोव्यास पायी जात असतात. तो भरवसा कितपत खरा, ते म्हणूनच आज पाहू.

टायर रस्त्याला टेकतो तो सुमारे तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर सगळी मोटार, आतल्या माणसांसह, तोललेली असते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर त्यांची पकड उत्तम असते. पण तिला मर्यादा आहे. घरखर्चाची थैली एकच असावी आणि किराण्याला दिले तेवढे कापडाला उरू नये, तसेच येथे आहे. ब्रेक आणि वळण ही दोन्ही त्याच पकडीतून खर्च करतात. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला, तर भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते.

आता वेगाचा हिशेब. चांगल्या कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर १८ नव्हे, ३६ मीटर लागतात. शिवाय डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात ४० च्या वेगाने ११ आणि ८० च्या वेगाने २२ मीटर गाडी पुढे गेलेली असते. एकूण २० आणि ५८ मीटर! संत क्रिस्तोफरचे पदक गाडीत आम्हीही लावतो. परंतु हा हिशेब त्यासाठी बदलत नाही.

चाक फिरायचे थांबून नुसते घासत गेले, की पकड घटते आणि स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. यासाठी जुने ड्रायव्हर ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून गाडी थांबवीत. तेच काम ‘एबीएस’ नावाची यंत्रणा एका सेकंदात अनेक वेळा करते. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. अशा गाडीत जुनी सवय घातक ठरते. प्रसंग आला तर ब्रेक पूर्ण जोराने दाबावा, दाबूनच धरावा आणि स्टीअरिंग मोकळ्या वाटेकडे वळवावे. पायाखाली थरथर जाणवते. काही मोडले असे समजून पुष्कळ लोक नेमका तेव्हाच पाय उचलतात. रिकाम्या सरळ मैदानावर, मागेपुढे कोणी नसताना, ती थरथर एकदा अनुभवून घ्यावी. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मात्र चाक घासू लागताच पाय किंचित सैल करावा.

वळणाच्या कडेला साचलेली खडी आणि वाळू कोरडी असली तरी दगाबाजच. तेथे एबीएस असूनही गाडी लांबवर जाते. टायरची नक्षी झिजली हे कोरड्या रस्त्यावर कळत नाही, पहिल्या पावसातच कळते. म्हणून ती १.६ मिलिमीटरांवर येण्याआधीच टायर बदलावा. हवा किती भरावी हे बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा कमी असली, की टायर तापून फुटण्याची भीती.

घाट उतरताना मात्र टायरपेक्षा ब्रेकच आधी थकतात. सतत दाबून ठेवले, तर ते तापतात आणि पाय दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. गाडीला इंजिनच रोखून धरते, आणि पुढच्या वळणाआड पायी जाणारी मंडळी दिसलीच, तर ब्रेक अजून थंड असतात.