विज्ञान, नीती आणि लक्षात घेणे

नीतीला धर्माज्ञेची गरज नाही. विवेक आणि मनुष्याचे ऐहिक सुख हे अधिष्ठान तिला पुरेसे आहे, ही भूमिका मराठीत सर्वाधिक निर्भयपणे गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६-१८९५) मांडली. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचे संस्कार तीमागे होते. मात्र धर्माज्ञा दूर सारल्यावर रिकामी झालेली जागा केवळ ज्ञानाने भरून निघते काय, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

संमतिवयाचा वाद ही त्याची उत्तम कसोटी होय. कलकत्त्याच्या फुलमणी खटल्यानंतर १८९१ साली संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. आगरकरांनी त्याचा पुरस्कार केला. टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. बालवयातील समागमाने मुलीच्या जिवास काय अपाय होतो, हे वैद्यकाने दाखविले. परंतु त्या मुलीचा जीव रूढीहून मोलाचा आहे, हे कोणत्याही शवचिकित्सेतून निष्पन्न होत नाही. वाद तथ्यांचा कमी व मूल्यांचा अधिक होता. पुढे गर्भजलपरीक्षेचे ज्ञान मुलींच्याच जिवावर उठले आणि १९८८ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ज्ञान वाढले होते. त्याची दिशा मात्र ज्ञानाने ठरविली नव्हती.

नगररचनाशास्त्राचीही गोष्ट वेगळी नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी नियोजनात आल्या. घणसोलीलगतचे तळवली त्यांपैकीच एक. लोकसंख्या, रस्ते, भूखंड यांचे गणित शास्त्रशुद्ध असू शकते. पण शेत गेलेल्या कुटुंबाचे देणे काय, याचे उत्तर त्या गणितात नव्हते. ते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४च्या आंदोलनाने मागितले. त्यात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्यानंतरची आहे.

यावरून विज्ञान नीतीला निरुपयोगी ठरते, असे मात्र नव्हे. खोट्या समर्थनांचा आधार ते काढून घेते, परिणाम दाखविते आणि अज्ञानाची सबब उरू देत नाही. आगरकरांचे सामर्थ्य येथेच आहे. परंतु कोणाचे दुःख हिशेबात धरावयाचे, हा निर्णय त्याआधीचा असतो.

साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध या निर्णयाशी येतो. संमतिवयाच्या वादाच्या काळातच हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली. यमूच्या निवेदनाने वैद्यकाच्या माहितीत भर पडली नाही. जे सर्वांना ठाऊक होते त्याची दखल घेणे तिने वाचकास भाग पाडले. कादंबरीचे शीर्षकच ज्ञान आणि नीती यांतील अंतर नेमके सांगते. ठाऊक असणे आणि लक्षात घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली विज्ञान शिकविते. दुसरीचे शिक्षण ही साहित्याची जबाबदारी आहे आणि ती टाळून केलेली समीक्षा अपुरीच राहील.