ओरखड्याचा आकडाही छापा

मोटारीचा डॅशबोर्ड आणि दारांची आतली पॅनेल बहुतेक वेळा शंखजिरे मिसळलेल्या पॉलिप्रोपिलीनची असतात. ‘प्रीमियम केबिन’च्या जाहिरातींचा सध्या सुकाळ आहे. त्यांत पडद्याची लांबी इंचांत सांगितलेली असते. पण किल्ली घासली तर पॅनेलवर चरा उठेल का, याबद्दल अवाक्षर नसते.

वास्तविक हा गुण मोजता येतो. १ मिलिमीटर व्यासाचे टोक १० न्यूटन, म्हणजे साधारण १ किलो वजनाच्या दाबाने, पृष्ठभागावर आडवे-उभे फिरवतात आणि चरे पडल्यावर उजळपणात किती फरक पडला ते उपकरणाने मोजतात. हा फरक १.५ च्या आत हवा, अशी अट अनेक उत्पादक पुरवठादारांना घालतात. म्हणजे आकडा दप्तरी असतो. तो दडतो फक्त ग्राहकापासून.

शंखजिऱ्यामुळे पॅनेलला ताठपणा येतो, साच्यातून निघाल्यावर ते कमी आकसते आणि खर्चही आटोक्यात राहतो. मात्र टोक घासले की त्याचे कण प्लास्टिकपासून सुटतात, तिथे सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि प्रकाश विखुरून चरा पांढरा दिसतो. गडद रंगावर तो जास्तच डोळ्यांत भरतो. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे एरुकामाइडसारखे निसरडे द्रव्य मिसळणे. ते पृष्ठभागावर येऊन घर्षण कमी करते; पण उन्हात तापलेल्या गाडीत त्याचा चिकट थर साचू शकतो. मोठ्या रेणूंचे सिलॉक्सेन असे वर येत नाही, त्यामुळे गुण टिकतो. पण ते महाग पडते. मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रोपिलीनने कण घट्ट धरून ठेवता येतात, तर पृष्ठभागाच्या योग्य पोतामुळे उरलेले चरे झाकले जातात. ज्ञान उपलब्ध आहे. अडते ते खर्चापाशी, आणि ग्राहक विचारत नाही तोवर हा खर्च वाचवणे सोपे असते.

गियरभोवतीच्या चकचकीत काळ्या पट्ट्यांनी तर कहर केला आहे. धूळ पुसणारे फडकेच त्यांवर रेघा ओढते. आपल्याकडच्या धुळीत असा पृष्ठभाग नेमका हाताखाली देणे म्हणजे शोरूममधल्या दहा मिनिटांसाठी पुढची दहा वर्षे खराब करणे होय.

इंधनाच्या सरासरीचा आकडा चाचणीच्या हवाल्याने सांगितला जातो. त्याच्याच शेजारी १० न्यूटन दाबाखालचा उजळपणातील फरकही माहितीपत्रकात छापणे उत्पादकांवर बंधनकारक करावे. चाचणी आधीच होते. खर्च केवळ एका ओळीचा आहे.

— एक वाचक, पुणे