दोरा कुठंय?

ऑफिसमधल्या माझ्या मित्राला पेनीचं वेड आहे. ऑनसाइटला अमेरिकेत होता, तिथं लागलं. लिंकनचा चेहरा असलेला हा एक सेंट १९०९ साली आला. १९५८ पर्यंत त्याच्या मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या असायच्या. साहेब तेवढेच जमवतात. १२ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेनं चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं, कारण एक सेंट बनवायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. त्या दिवशी गड्यानं अख्ख्या टीमला दुखवट्याची कॉफी पाजली!

आपल्या घरात असलं काही नाही, म्हणून मी मनातून जळत होतो. पुढच्याच महिन्यात नांदेडला गेलो, तर जुनं घर उतरवायचं काम चाललेलं. माळ्यावर आजीचा पत्र्याचा डबा सापडला. आत हाली पैसे! आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि नाणंही त्याचं वेगळं, हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. रुपयावर चक्क चारमिनार. डब्यात रुपया मात्र एकही नव्हता. होती ती तांब्याची चिल्लर आणि एका कळकट काळ्या दोऱ्यात ओवलेली, मधोमध भोक असलेली दोन पैची तीन नाणी.

मी काय केलं असेल? दोरा कापून कचऱ्यात टाकला आणि नाणी चिंचेनं घासून लख्ख केली. एकावर हिजरी साल १३६६ निघालं, म्हणजे १९४७ च्या आसपासचं. फोटो मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन, "गाढवा, जुनं नाणं कधी घासायचं नसतं! वरचा थर गेला की किंमत गेली."

किमतीचं एवढं काय, म्हटलं. आजी हल्ली काकांकडे लातूरला असते; तेच तिचं माहेर. सरप्राइज द्यायला नाणी घेऊन गेलो. तिनं ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "दोरा कुठंय रे, बाळा?"

तो तिच्या धाकट्या भावाचा करदोटा होता. नजर लागू नये म्हणून आईनं त्यात भोकाचे पैसे ओवले होते. भाऊ सव्वा वर्षाचा होऊन गेला. पुढे हाली बंद झालं, वडिलांनी चांदीचे रुपये बदलून घेतले. या तीन नाण्यांना मात्र आईनं कुणाला हात लावू दिला नाही. लग्नानंतर ती आजीसोबत नांदेडला आली. भावाचा फोटो नाही. त्याचं नाव घेणारी आता आजी एकटीच.

ती रागावली नाही. "असू दे, तुला काय ठाव," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं.

तर मंडळी, माळ्यावर डबा सापडला, तर 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा'वाल्यांच्या नादी लागू नका; रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच त्याबद्दल सावध केलंय. चिंच तर नकोच. डबा आहे तसा उचला आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर उघडा.

संध्याकाळी मी गंजगोलाईतून नवा काळा दोरा आणला. आजीनं नाणी ओवून ठेवली. अगदी नव्यासारखी चकाकतात. मलाच बघवत नाहीत.